आमच्या जीपचें निदान

गडचिरोली जिल्ह्यांत ज्यांच्या आयुष्याचीं तीस-चाळीस वर्षें गेलीं आहेत, त्यांस जीप म्हणजे काय हें सांगावयास नको. पुण्या-मुंबईकडील वाचकांस मात्र चार शब्द सांगितले पाहिजेत. तिकडे जीप ही हौसेची वस्तु आहे. आमच्याकडे ती गरजेची होती. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन सैन्यासाठीं विलीज कंपनीनें १९४१ पासून ज्या लहान, उघड्या, चारी चाकांना जोर मिळणाऱ्या गाड्या बनविल्या, त्याच बांध्याच्या गाड्या १९४७ पासून महिंद्रांनीं आपल्या देशांत जोडावयास आरंभ केला. पुढें जंगलखात्याचे अंमलदार, आरोग्यखात्याचे डॉक्टर, लांकडाचे ठेकेदार आणि कधींमधीं शाळातपासनीस, ह्या सर्वांस आलापल्लीच्या सागवानी जंगलापलीकडे घेऊन जाणारें वाहन म्हणजे हीच जीप. १९७३ सालीं बाबा आमटे यांनीं हेमलकसा येथें लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला तेव्हां तेथपर्यंत धड रस्ता नव्हता. पावसाळ्यांत पर्लकोटेला पूर आला म्हणजे भामरागड जगापासून तुटे. चंद्रपुरापासून निघून गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजीं, आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षें आमच्या भागांतील रस्ता म्हणजे मुरूम, दगड, नाले आणि त्यांतून गेलेल्या चाकांच्या दोन चाकोऱ्या.

अशा रस्त्यावर गाडीचा वेग ताशीं वीस किलोमीटर असावयाचा. त्या वेगांत जीपचें स्टेअरिंग किती ढिलें आहे ह्याची विचारपूस कोणी करीत नसे. चाकोरीच चाकांना वाट दाखवी. हात नुसते वर ठेवावयाचे. एका दगडानें डावीकडे हिसका दिला तर पुढचा दगड उजवीकडे हिसका देऊन हिशेब पुरा करी. आतां ते दिवस राहिले नाहींत. सिरोंच्यापासून आलापल्ली, आष्टी, चामोर्शी, गडचिरोली, आरमोरी, देसाईगंज ह्या गांवांवरून साकोलीस जाणारा रस्ता राष्ट्रीय महामार्ग ३५३-सी झाला आहे. त्याचे जे तुकडे चांगले बांधले गेले आहेत त्यांवर ताशीं सत्तरीचा वेग केव्हां आला हें हांकणाऱ्यास कळतही नाहीं. समोरून येणारें वाहनही आतां बैलबंडी नसून सुरजागडच्या लोहखनिजानें भरलेला ट्रक असतो. जीप तीच, झीजही तीच. परंतु जंगलाच्या वाटेनें जो दोष पन्नास वर्षें पोटांत घातला तो डांबरी रस्ता एका सेकंदांत चव्हाट्यावर आणतो.

ह्यांत अतिशयोक्ति नाहीं, हें साध्या अंकगणितानें दिसेल. ताशीं २० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदास साडेपांच मीटर जाते. ७० किलोमीटर वेगाची १९ मीटरांहून अधिक. गाडीचें तोंड आपल्या रेषेपासून एक अंशानें चुकलें, तर पहिली गाडी एका सेकंदांत सुमारें १० सेंटिमीटर बाजूस सरकेल, दुसरी सुमारें ३४. आतां स्टेअरिंगचें चाक ४० सेंटिमीटर व्यासाचें धरा, आणि त्याच्या परिघावर चार बोटें, म्हणजे सात सेंटिमीटर, असा रिकामा खेळ आहे असें समजा. ह्या खेळास आमच्याकडचे मिस्त्री 'प्ले' म्हणतात. सात सेंटिमीटर म्हणजे वीस अंश. स्टेअरिंग आणि रस्त्यावरील चाक यांचें प्रमाण चौदास एक असें धरलें, तर रस्त्यावरील चाक सुमारें दीड अंश इकडे-तिकडे होण्यास मोकळें राहिलें, आणि हातांस त्याची वार्ताही नाहीं. दुपदरी रस्ता सात मीटर रुंद. त्यांतील साडेतीन मीटर आपले. जीपची रुंदी दीड मीटराहून थोडी अधिक. म्हणजे आपल्या वाट्याच्या मधोमध जाणाऱ्या जीपच्या उजव्या अंगास मोकळी जागा राहिली एक मीटर. गाडीचें तोंड दीड अंशानें चुकलें कीं ती जागा दोन सेकंदांत संपते. शाळेंत 'उपयोजित गणित' ह्या मथळ्याखालीं हौदाचे नळ आणि आगगाडीचे खांब आम्ही पुष्कळ शिकविले. हें उदाहरण त्या पुस्तकांत असतें तर मुलांनीं अधिक लक्ष दिलें असतें.

आमच्या घरची जीप ८० इंची आंसांतराची, आमच्या वडील बंधूंनीं घेतलेली. त्यांच्या पश्चात् ती पुतण्याकडे आली. पुतण्या चामोर्शी तालुक्यांत भाताची शेती पाहतो. शेतावरचें घर आणि डांबरी रस्ता यांच्यामध्यें एक नाला व अडीच किलोमीटर काळा चिखल आहे, आणि आषाढापासून भाद्रपदापर्यंत त्या चिखलांतून जीपखेरीज कांहीं जात नाहीं. तरुण मनुष्यास गाडी उंच व रुंद दिसावी असें वाटणें स्वाभाविक आहे. म्हणून त्यानें दोन वर्षांपूर्वीं तिला रुंद, खोल नक्षीचे टायर चढविले आणि पुढच्या पाट्यांचे शॅकल लांब बसवून पुढचें अंग दोन इंचांनीं उचललें. चिखलांत गाडी खरोखरच अधिक चांगली जाऊं लागली, हें त्याच्या बाजूनें सांगितलें पाहिजे.

गेल्या होळीनंतरची गोष्ट. आम्ही आलापल्लीहून आष्टीकडे येत होतों. गाडी पुतण्या हांकीत होता. मागें आमची मंडळी नातवास मांडीवर घेऊन बसली होती. समोरून भरलेला ट्रक येतांना दिसला. जीप हळूंच उजवीकडे सरकूं लागली. पुतण्यानें चाक डावीकडे घेतलें, गाडी ऐकेना. आणखी घेतलें; आणि एकाएकीं ती डावीकडे अशी उडाली कीं दोन चाकें रस्त्याच्या कडेच्या मुरमांत उतरलीं. ट्रक निघून गेला. कोणास कांहीं लागलें नाहीं. आमची मंडळी तोपर्यंत एक शब्द बोलली नव्हती, घरीं पोंचल्यावर पुतण्यास म्हणाली, "ही गाडी वीक, नाहीं तर ह्यापुढें आम्हांला यष्टीनें जाऊं दे."

विकणें सोपें नव्हतें. पुतण्याच्या घरीं बाळंतपण आहे. दिवस श्रावणांत भरतात. १०८ ची रुग्णवाहिका डांबरी रस्त्यापर्यंत येईल. नाल्याच्या पलीकडे तिला येतां येणार नाहीं. ती वेळेवर मिळाली तर उत्तमच. परंतु ती दुसऱ्या रुग्णास घेऊन गेलेली असली तर गडचिरोलीच्या दवाखान्यापर्यंत ह्याच गाडीनें जावयाचें, आणि तेंही बहुधा रात्रीं, पावसांत. म्हणजे अडीच किलोमीटर चिखल जिला तुडवितां येईल आणि पुढचा महामार्ग जिला सरळ कापतां येईल, अशी एकच गाडी घरांत पाहिजे होती.

पुतण्यानें ती प्रथम जिल्ह्याबाहेरील एका मोठ्या गॅरेजांत नेली. तेथें "स्टेअरिंग ढिलें आहे" एवढें ऐकतांच कारागिरानें बॉनेट उघडलें, स्टेअरिंग बॉक्सच्या झांकणावरील स्क्रू सैल करून पुन्हां आंवळला आणि वीस मिनिटांत गाडी बाहेर काढली. चार बोटांचा प्ले दोन बोटांवर आला. परंतु वळण घेतल्यावर चाक आपोआप सरळ होईना. ओढून आणावें लागे, आणि सरळ रस्त्यावर गाडी पूर्वीहून अधिक भरकटूं लागली. दुसऱ्या खेपेस त्यांनीं नवा बॉक्स आणि त्याच्या जोडीस डँपर बसविण्याचा सल्ला दिला. डँपर म्हणजे काय, तर हादरे दाबणारी एक नळी. ज्वरांत कपाळावर ओली पट्टी ठेवावी तसा तो उपाय. पट्टी वाईट नाहीं, पण तिनें ज्वराचें कारण जात नाहीं.

बॉक्सचा स्क्रू आंवळल्यानें असें कां व्हावें, हें समजून घेण्यासारखें आहे. गाडी बहुतेक वेळ सरळ जाते, म्हणून बॉक्सच्या आंतील भाग मधल्या जागीं अधिक झिजतात आणि दोन्ही कडांस कमी. मधली झीज भरून निघेल इतका स्क्रू पिळला, तर कडेला जागाच उरत नाहीं; वळणांत तो अडतो. अडलेलें चाक परत येत नाहीं. म्हणजे एका दोषावर दुसरा दोष चढविला जातो, आणि खरा दोष, तो बॉक्सच्या बाहेर असेल तर, आपल्या जागीं सुखरूप राहतो.

आमच्या तरुणपणीं आम्ही थोडेंफार माधवनिदान वाचलें होतें. वैद्यक करण्याच्या इराद्यानें नव्हे. आमचे संस्कृतचे गुरु स्वतः वैद्य होते आणि व्याकरणाचीं उदाहरणें त्या ग्रंथांतून देत, एवढेंच. त्यांत रोग ओळखण्याचीं पांच साधनें सांगितलीं आहेत: निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति. म्हणजे रोगाचें कारण, तो प्रकट होण्यापूर्वींचीं चिन्हें, प्रकट लक्षणें, कोणत्या उपचारानें बरें वाटतें त्यावरून केलेली पारख, आणि दोष कोणत्या मार्गानें कोठें जाऊन बसला ह्याचा शोध. मोटारीस वात-पित्त नाहीं हें आम्हांस ठाऊक आहे. पण पुतण्यानें तक्रार सांगितली ती ऐकून आम्हांस प्रथम हेंच वाटलें कीं ह्यानें रूप नीट सांगितलेलें नाहीं. 'ढिलें' ह्या एका शब्दांत तो तीन वेगळीं दुखणीं कोंबीत होता.

पहिलें दुखणें खऱ्या ढिलेपणाचें: चाक फिरवावें आणि कांहीं बोटें फिरेपर्यंत गाडीस कांहीं कळूं नये. हें गाडी उभी असतांही दिसतें. दुसरें भरकटण्याचें: हातांत प्ले नसला तरी गाडी सरळ रेषेंत राहत नाहीं, सारखी हांकीत ठेवावी लागते, आणि वळणानंतर चाक परत येत नाहीं. हें गाडी धांवूं लागल्यावरच कळतें. तिसरें थरथरीचें: ठराविक वेगास पोंचल्यावर, विशेषतः एखाद्या खांचेवरून गेल्यावर, दोन्ही पुढचीं चाकें आपण होऊन डावी-उजवी अशीं झपाट्यानें हलूं लागतात आणि गाडी जवळजवळ थांबेपर्यंत राहत नाहींत. सलग लोखंडी आंस असलेल्या गाड्यांचा हा खास रोग आहे. मिस्त्री ह्यास 'वॉबलिंग' म्हणतात. पहिल्याचें मूळ बहुधा झिजलेल्या सांध्यांत, दुसऱ्याचें टायर आणि आंसाच्या कलण्यांत, तिसऱ्याचें चाकांच्या तोलांत, किंगपिनच्या बेअरिंगांत किंवा टायरांत सांपडतें. आमच्या जीपला तिसरें नव्हतें. पहिलीं दोन मात्र एकत्र होतीं, आणि दोहोंवर एकच औषध घातलें गेलें होतें.

चामोर्शीस एक वृद्ध मिस्त्री आहेत. पांटी नाहीं, काम निंबाच्या झाडाखालीं. त्यांची दोन मुलें आमच्या हाताखालून गेलीं, त्यामुळें ते आम्हांस गुरुजी म्हणतात. गाडी पाहून त्यांनीं बॉनेट उघडलेंच नाहीं. आधीं चारी टायरांतील हवा मोजली. पुढच्या दोहोंत पुष्कळ फरक निघाला, तो सारखा केला. मग आम्हांस म्हणाले, "गुरुजी, तुमी वर बसा जी. चाक दोन बोटं इकडं, दोन बोटं तिकडं करत राहा. जास्ती नोको. मी खाली जातो." यंत्र बंद. आम्ही चाक हलवीत बसलों आणि ते पाठीवर निजून एकेका सांध्यावर पंजा ठेवीत पुढें सरकत गेले.

ह्या साध्या परीक्षेहून चांगली परीक्षा आम्हांस तरी ठाऊक नाहीं. स्टेअरिंगपासून रस्त्यावरील चाकापर्यंत हालचाल एका सांखळीनें जाते: बॉक्स, त्याचा हात, ड्रॅग लिंक नांवाचा रॉड, ह्या जुन्या बांध्याच्या जीपमध्यें पुढच्या आंसापाशीं असलेली कोपराच्या आकाराची बेल क्रँक, तिच्यापासून दोन्ही चाकांकडे जाणारे टाय रॉड, आणि त्यांच्या टोकांचे गोळ्याचे सांधे. सांध्यावर पंजा ठेवला म्हणजे त्याच्या अलीकडचा भाग हलला आणि पलीकडचा केव्हां हलला हें बोटांस कळतें. दोन्ही एकदम हलले तर सांधा निरोगी. अलीकडचा आधीं आणि पलीकडचा मागाहून, तर दोष तेथेंच. नैयायिक ज्यास अन्वय-व्यतिरेक म्हणतात तो हाच. मिस्त्रींनीं तो शब्द कधीं ऐकलेला नाहीं, आणि त्यावांचून त्यांचें कांहीं अडलेलें नाहीं.

बॉक्सपासून ड्रॅग लिंकपर्यंत सर्व ठीक निघालें. बॉक्स ज्या बोल्टांनीं चासीस बसविलेला असतो तेही घट्ट होते. ते पाहणें अवश्य आहे, कारण जुन्या जीपमध्यें तेथील लोखंडच तडकलेलें आढळतें, आणि मग बॉक्स कितीही नवा आणला तरी व्यर्थ. बेल क्रँकपाशीं येतांच पंजा थांबला. तिच्या मधली पिन व बेअरिंग इतकीं झिजलीं होतीं कीं क्रँक वळण्याआधीं नुसती तिरपी होत होती. डावीकडच्या टाय रॉडचा गोळाही गेलेला. चार बोटांच्या प्लेपैकीं बहुतेक सर्व ह्या दोन ठिकाणीं होता. मिस्त्री खालूनच बोलले, "बॉक्स बिमार नाही जी. बॉक्साले सगळे मारतेत, कारण तो समोर दिसते."

दशरथाच्या रथाच्या आंसाची खीळ निघाली तेव्हां कैकेयीनें तेथें आपला हात घातला, ही कथा कीर्तनांतून सर्वांनीं ऐकली आहे. तिच्या दोन वरांची चर्चा पुष्कळ होते. ती खीळ आधीं कोणी तपासली कां नाहीं, हा प्रश्न एकाही कीर्तनकारानें विचारलेला आम्हीं ऐकला नाहीं.

पुढें त्यांनीं जॅक लावून एकेक पुढचें चाक उचललें. चाक वर-खालीं धरून हलविलें, तर थोडी चाल लागली. ही चाल चाकाच्या बेअरिंगची कीं किंगपिनची, हें ओळखण्याची युक्ति वाचकांनीं ध्यानांत ठेवावी: दुसऱ्यानें ब्रेक दाबून धरावा आणि पुन्हां हलवून पाहावें. चाल नाहींशी झाली तर बेअरिंग सैल. तशीच राहिली तर किंगपिन. आमच्याकडे ती नाहींशी झाली, म्हणजे बेअरिंगचा नट योग्य तितका आंवळून काम भागलें. मग पहार घालून पाट्यांच्या टोकांचे रबरी बुश पाहिले. पुढचे चारही चुरा झालेले. पाट्याचें टोकच इकडे-तिकडे सरकत असेल तर सबंध आंस आपल्या मनानें दिशा बदलतो, आणि स्टेअरिंग धरणारा निर्दोष हात उगाच दोषी ठरतो.

बेल क्रँकची पिन, टाय रॉडचा सांधा आणि बुश नवे बसले. चंद्रपुराहून माल येण्यास आठ दिवस लागले. बॉक्सचा पिळलेला स्क्रू मिस्त्रींनीं परत सोडून बेताचा ठेवला. प्ले एका बोटाच्या आंत आला. जुन्या गाडीस एवढा असावयाचाच. पहिलें दुखणें गेलें. परंतु महामार्गावर नेऊन पाहतां भरकटणें उरलेंच होतें, पूर्वीहून कमी, पण उरलें होतें. येथें पुतण्याचा धीर सुटला. आम्हांस मात्र तें अपेक्षित होतें. दुसऱ्या रोगाची अद्याप चिकित्साच झाली नव्हती.

ह्या दुसऱ्या रोगाचें मर्म घरोघर असलेल्या सायकलींत आहे. सायकलचा पुढचा दांडा उभा नसतो. त्याचें वरचें टोक बसणाऱ्याकडे कललेलें असतें. त्या कलाची रेषा तशीच खालीं वाढवली तर ती जमिनीस जेथें भिडते, त्याच्या किंचित् मागें चाक जमिनीस टेकतें. म्हणून चाक त्या रेषेच्या मागें ओढल्यासारखें चालतें आणि आपण होऊन सरळ राहूं पाहतें. मुलें हात सोडून सायकल चालवितात तीं बऱ्याच अंशीं ह्याच्या भरंवशावर. मोटारींतही पुढच्या चाकाची वळणारी पिन अशीच मागें कललेली असते. ह्या कलास 'कॅस्टर' म्हणतात. ह्या बांध्याच्या जीपला तो सुमारें ३ अंश असतो. कल नाहींसा झाला कीं चाकास सरळ राहण्याची ओढच राहत नाहीं.

आतां शॅकल लांब केल्यानें काय होतें तें पाहा. ज्या गाडींत शॅकल पुढच्या पाट्याच्या पुढच्या टोकास असतो, तेथें तो लांब केला म्हणजे चासी वर जाते व पाट्याचें पुढचें टोक तिच्या मानानें खालीं येतें. पाट्यावर बसलेला आंस त्याबरोबर पुढें झुकतो, आणि पिनचें वरचें टोक मागें कलावयाचें तें पुढें येतें. गाडी दोन इंच उंच झाली ती कॅस्टर विकून. किती विकला, हें आम्ही मोजलें. जमीन सपाट पाहून गाडी उभी केली, किंगपिनच्या वरच्या टोपीवर गाडीच्या लांबीच्या दिशेनें एक सरळ पट्टी ठेवली, आणि नातवाच्या कंपासपेटींतील कोनमापकास दोरीचा ओळंबा बांधून पट्टीचा कल पाहिला. अर्धा अंशही भरेना.

उपशयाची पारख येथें उपयोगी पडली. जुने अरुंद टायर गोठ्यांत पडून होते. ते चढवून गाडी चालविली, तर भरकटणें निम्म्यानें कमी झालें. रुंद टायर पिनपासून बाहेरच्या अंगास सरकून बसतो, रस्त्यावरील प्रत्येक उंचवट्यास लांब दांड्याचा फायदा मिळतो, आणि डांबरावर ट्रकांनीं पाडलेल्या घळीच्या कडा तो मांजराच्या नाकासारखा हुंगीत जातो. निम्मा रोग टायरांत. म्हणून उरलेला निम्मा कॅस्टरांत असावा, असें अनुमान केलें. जुने शॅकल परत घातले, तेव्हां कल एक अंशावर आला. पाटे जुने होऊन बसलेले असल्यामुळें उरलेले दोन अंश तसे आले नाहींत. त्यांसाठीं पाटा व आंस यांच्यामध्यें दोन अंशांच्या लोखंडी पाचरी घालाव्या लागल्या. पाचरीचें जाड टोक कोणत्या बाजूस ठेवावयाचें, हें बसविण्यापूर्वीं कागदावर काढून पाहावें. उलटी बसली तर जो थोडाफार कल आहे तोही जातो. फार जाड पाचरही नको. कल प्रमाणाबाहेर गेला तर स्टेअरिंग जड होतें आणि तिसऱ्या रोगास, त्या थरथरीस, आमंत्रण मिळतें.

शेवटचें काम टो-इनचें, म्हणजे पुढचीं दोन चाकें पुढच्या कडेस किंचित् जवळ ठेवण्याचें. त्याचें यंत्र शहरांत असतें. मिस्त्रींनीं बांबूची एक लांब कामटी घेतली, आणि खडू आम्ही दिला. दोन्ही टायरांच्या मधोमध रेघा ओढल्या. पुढच्या बाजूस दोन रेघांमधलें अंतर कामटीवर खुणावलें, गाडी अर्धा फेर पुढें ढकलून तींच रेघांचीं टोकें मागच्या बाजूस आणलीं आणि पुन्हां मोजलें. पुढचें अंतर मागच्याहून दोन-तीन मिलिमीटर कमी आलें तोंवर टाय रॉड फिरवीत राहिले. सबंध सकाळ गेली.

पुतण्याशीं आमचा एक वाद अद्याप मिटलेला नाहीं. तो म्हणतो, "काका, २०२० च्या नव्या थारला पुढचीं चाकें एकमेकांपासून स्वतंत्र असतात, तिला हें कांहीं करावें लागत नाहीं." स्वतंत्र असतात हें खरें. पण बुश आणि गोळ्याचे सांधे तिलाही आहेत, आणि उंच करण्याची व रुंद टायर घालण्याची हौस तिच्या मालकांस आमच्या पुतण्याहून कमी नाहीं. ताडोब्याच्या मोहर्ली दरवाजावर ज्या मारुतीच्या जिप्सी पर्यटकांस घेऊन जात आल्या, त्यांचा पुढचा आंस सलग आणि पाट्यांवर बसलेला; जंगलांत त्या सावकाश चालतात म्हणून त्यांचें कांहीं बाहेर पडत नाहीं, पण चंद्रपूरच्या रस्त्यास लागल्या कीं त्यांचीही कथा आमच्यासारखीच होऊं शकते. रुंद टायरांविषयीं मात्र आमचें मत ठाम आहे. ते चिखलासाठीं चांगले असतील. प्रसूतीसाठीं निघालेल्या बाईस चिखलानंतर महामार्गही आहे. अरुंद टायरही चिखल कापून खालच्या घट्ट जमिनीस भिडतो, हें त्याच्या वडिलांनीं ह्याच नाल्यांत तीस पावसाळे दाखविलें.

आतां गाडी सरळ जाते. वळणानंतर चाक आपण होऊन परत येतें. परंतु ८० इंची, उंच, आंखूड गाडी कितीही निरोगी असली तरी ती ताशीं नव्वदीसाठीं जन्मलेली नाहीं. स्पीडोमीटरवर ५५ च्या आंकड्यापाशीं आम्ही तांबड्या रंगाची एक बारीक पट्टी चिकटविली आहे, आणि ती ओलांडावयाची नाहीं असें पुतण्याकडून कबूल करून घेतलें आहे. मागच्या गुरुवारीं आमची मंडळी त्या गाडींत बसून मार्कंड्यास महादेवाच्या दर्शनास जाऊन आली. जातांना एका हातानें समोरची दांडी धरून बसली होती. येतांना नातवास गोष्ट सांगत होती.

ज्येष्ठ संपत आला आहे. पाचर घातल्यावर पाट्याचे यू-बोल्ट पहिल्या कांहीं शंभर किलोमीटरांत थोडे सैल होतात, म्हणून ते एकदां पुन्हां आंवळावे लागतात. मिस्त्रींनीं रविवारीं सकाळीं सातास बोलाविलें आहे, पाऊस लागण्यापूर्वीं तेवढें उरकावयाचें.